आई पिक्चरची खोट काढायची

"तीन दिवसांची जंगलात फिरून राह्यली ही पोरगी, अन् तिची वेणी पाह्य. कोण घालून देते इले?"

आईचा हा पहिला प्रश्न मला अजून आठवतो. तेव्हा मी चिमूरला बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मोहफुलांच्या दिवसांत गावी आले होते. गाव पोंभुर्णा तालुक्यात, जंगलाला लागून. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघीच. सकाळी मोहफुलं वेचायची, आणून अंगणात वाळत घालायची, भात खायचा आणि मग दुपारभर टीव्हीसमोर पडायचं. एका चॅनेलवर रोज दुपारी हिंदीत डब केलेले इंग्रजी पिक्चर लागायचे. त्यात माझे आवडते म्हणजे तरण्या पोरापोरींचे, जग बुडाल्यानंतरचे. कुठलं तरी युद्ध होऊन गेलेलं असतं, उरलेले लोक भिंतीच्या आत राहतात, सरकार जुलमी असतं आणि सोळा वर्षांची एक पोरगी ते उलथून टाकते. मला ते खरे वाटायचे. त्या पोरीच्या जागी मी स्वतःला बघायचे, आता सांगायला लाज कशाची.

आई त्यांची खोट काढायची. मोहफुलातले खडे वेचता वेचता, पडद्याकडे अर्धंच लक्ष ठेवून. आई चौथी शिकलेली होती, पण तिच्या तावडीतून एकही पिक्चर धड सुटला नाही.

शहरातले हजारो लोक एकाच राखाडी रंगाच्या कपड्यांत दिसले की ती विचारायची, "कापूस कुठी पेरते हे लोक?" भिंतीच्या आत सगळं सिमेंट. मग धान कुठे होतं? धानाच्या शेताची बांधी दिसत नाही, बैल दिसत नाही, आणि ताटात तर वाढलेलं असतं. पाण्याच्या थेंबासाठी माणसं एकमेकांना मारतात आणि नायिकेचं तोंड मात्र आत्ताच धुतल्यासारखं लख्ख. शंभर वर्षं गंजत पडलेली गाडी एका किल्लीत सुरू होते. "आपल्या पाटलाची गाडी चार दिवस उभी राह्यली तर ढकलाव लागते," आई म्हणायची. सरकारकडे गल्लोगल्ली कॅमेरे, आणि गटाराचं झाकण उघडं. त्यावर तिची ठरलेली म्हण होती, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

एका पिक्चरमध्ये मुलं सोळा वर्षांची झाली की एक मशीन त्यांना सांगायचं, तू हेच काम करायचं, तुझ्या पोरांनीही हेच करायचं. नायिका हादरते, रडते. आईचा खडे वेचणारा हात थांबला.

"मशीननं सांगतलं का गावानं सांगतलं, गोष्ट तीच ना?" ती म्हणाली. "अन् इतक्या वर्षांत एकानंही नाई म्हटलं नाई? सारे हिचीच वाट पाहत बसले होते?"

आमच्या घरात आजोबांनी गावाची ठरलेली कामं सोडली होती, विहारात जायला लागले होते, आणि त्यापायी त्यांना गावाने किती दिवस पाणी भरू दिलं नव्हतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तरी मला त्या वेळी आईचा राग आला. "ती गोष्ट आहे, आई. गोष्टीत चालते," मी म्हटलं. आई म्हणाली, "गोष्टीत तर अजिबात नाई चालत. खऱ्यात चालते." मी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता मोहफुलांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोहफुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर गुरं आणि हरणं खाऊन टाकतात. वनखात्याचे लोक सांगतात की उजाडल्यावर जा, आणि ते बरोबरच सांगतात, पण उजाडल्यावर झाडाखाली काही उरत नाही. आमच्याकडे प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं. झाडं लांब लांब, मध्ये झुडपं, आणि बाई वेचायला वाकली की दिसत नाही. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं म्हणतात. त्याचं नाव आम्ही जंगलात घेत नाही, नुसतं 'तो' म्हणतो. माणसांचीही नावं घेत नाही, कारण नाव घेऊन हाक मारली तर तो ते नाव शिकतो, अशी जुन्या बायांची समजूत.

म्हणून कुकारा. आमच्या टोळीची म्होरकी मोठीबाई होती. माझी कोणी नात्याची नाही, साठीची विधवा बाई, पण सगळं गाव तिला मोठीबाईच म्हणायचं. ती मधल्या झाडाखाली असायची. थोड्या थोड्या वेळाने ती लांब आवाजात "कूऽऽ" अशी हाक द्यायची, आणि प्रत्येकीने आपापल्या झाडाखालून एकदा "कूऽऽ" म्हणायचं. मोठीबाई बोटांवर मोजायची. तिला सोडून आम्ही अकरा जणी होतो. अकरा आवाज आले की पुन्हा वाकायचं. एक जरी कमी आला, तर सगळ्यांनी टोपल्या टाकून, ओरडत, काठ्या आपटत मोठीबाईच्या झाडाखाली जमायचं आणि मग मिळून शोधायला जायचं. वीस वर्षं ती मोजत होती, आणि तिच्या मोजण्यात कधी चूक झाली नव्हती.

त्या वर्षी आईला खोकला लागला होता. नुसतं बोलताना काही व्हायचं नाही, पण कुकारा द्यायला छाती भरून घेतली की तिला उबळ यायची आणि ती झाडाला धरून बसायची. आमची दोन झाडं शेजारी, तीसेक पावलांवर. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिला उबळ आली तेव्हा तिच्यासाठी मीच कुकारा देऊन टाकला. एक माझा, आणि थोडं थांबून, आवाज जाड करून, एक तिचा. आई हसली. "माह्यापेक्षा तूच बरा काढतं माहा आवाज," म्हणाली. मोठीबाईने अकरा मोजले. त्या दिवसापासून तेच सुरू झालं. सुरुवातीला मी आईकडे वळून बघायचे, ती हात हलवायची, मग मी तिचा कुकारा द्यायचे. चार-पाच दिवसांनी वळून बघणं राहून जायला लागलं. मान न वळवता, हात न थांबवता, दोन कुकारे. सवयच तशी पडली.

त्याच आठवड्यात आम्ही तो पट्ट्यांचा पिक्चर बघितला. त्यातही एक भिंत, आत शहर, आणि प्रत्येकाच्या मनगटावर लोखंडी पट्टा. दिवसातून तीनदा भोंगा वाजायचा, सगळ्यांनी पट्ट्यावरचं बटण दाबायचं, आणि मनोऱ्यातला माणूस दिवे मोजायचा. सगळे दिवे लागले की झालं. नायिका आपल्या बहिणीचा पट्टा दुसऱ्या हातात घालते आणि दोन्ही बटणं दाबते. बहीण केव्हाच भिंतीपलीकडे पळालेली, आणि मनोऱ्यातल्या माणसाचा हिशोब रोज बरोबर.

आई तर उखडलीच. "एवढं मोठं सरकार, एवढ्या बंदुका. तोंड काऊन नाई पाहत कोणी?"

"तोंड पाह्यलं तर पिक्चर तिथीच संपते, आई."

यावर ती इतकी हसली की तिला उबळ आली आणि मी तिला पाणी आणून दिलं. नंतर मीही हसले. रोज सकाळी आम्ही दोघी तेच करत होतो, आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते खोटं नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी. उजाडायला लागलं होतं. पोहोचलो तेव्हा आई तिच्या झाडाखाली होती, मी बघितली होती. ती म्हणाली, "आज इथी कमी गळले, नाल्याकडच्या झाडाखाली पाहतो जराशी." मी हो म्हटलं. नाल्याकडचं झाड कोणाचंच नव्हतं, फार लांबही नव्हतं. मला वाटलं, जाईल आणि येईल. परीक्षा जवळ आली होती, माझं डोकं त्यात होतं. मोठीबाईचा पहिला कुकारा आला. मी दोन दिले. काही वेळाने दुसरा आला. मी दोन दिले. टोपली भरत आली होती, ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं, तेव्हा तिसरा आला. मी दोन दिले.

मग आम्ही परतायला बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर जमलो, आणि आई नव्हती.

तिची टोपली नाल्याच्या अलीकडे सापडली, अर्धी भरलेली, सरळ ठेवलेली. तिथून पुढचं मला बघू दिलं नाही. मोठीबाईने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अकरा होते, बाई. अकरा होते."

वनखात्याचे लोक आले, पंचनामा झाला. त्यांच्यातला एक वयस्क माणूस जमीन बघून म्हणाला, हे पहाटेच झालं आहे, उजाडता उजाडता. रक्त वाळलं होतं आणि ओढत नेल्याची खूण लांबपर्यंत गेली होती. मोठीबाई म्हणाली, "तीन खेपा कुकारा दिला मी. तिन्ही खेपा अकरा आले." तो माणूस समजुतीने म्हणाला, "आजी, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती बाई नव्हतीच. तुमचं मोजणं चुकलं असेल." मग तो माझ्याकडे वळला. तुझं झाड शेजारी, आईचा आवाज तू ऐकला होतास का?

"मले आठवत नाई," मी म्हटलं.

माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं एवढंच आहे. तीन शब्द. माझ्यावर दया करून त्याने पुढे विचारलं नाही. पहिल्याच कुकाऱ्याला मी वळून बघितलं असतं, किंवा नुसती गप्प राहिले असते, तर दहा मोजले गेले असते, अकरा जणी काठ्या आपटत नाल्याकडे धावल्या असत्या. त्याने आई वाचली असती का? मला माहीत नाही. हे मला कोणीच सांगू शकत नाही आणि मी दर पहाटे स्वतःला विचारते.

गावाने ठरवलं की मोठीबाईचे कान गेले. आधी दबक्या आवाजात, मग तिच्या तोंडावर. या गोष्टीत केवढी मोठी खोट होती! वीस वर्षं न चुकलेली बाई एका सकाळी तीनदा चुकली, आणि तिन्ही वेळा नेमके अकराच? एकदा नऊ नाही, एकदा बारा नाही? आईने ती खडे वेचता वेचता काढली असती. पण खोट काढणारी बाईच गेली होती, आणि मला खोट ठाऊक होती तर मी तोंड शिवून बसले होते.

पुढच्या वर्षी बायांनी दुसरी म्होरकी नेमली. मोठीबाईला कोणी या म्हटलं नाही, कोणी नको असंही म्हटलं नाही. तिने चंद्रपूरला जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, कान चांगले आहेत. त्यावर गावाचा विश्वास बसला नाही, आणि हळूहळू तिचाही बसेना. लसूण टाकून कढवलेलं तेल ती रोज कानात घालायला लागली. मला हे सगळं चिमूरला बसून कळत होतं. गावाकडून कोणी आलं की मी आधी तिची विचारपूस करायचे, आणि लोक म्हणायचे, किती मोठं मन पोरीचं, मोठीबाईमुळे आई गेली तरी विचारते. हे ऐकून मी मान खाली घालायचे. लोकांना तोही चांगुलपणा वाटायचा.

अशी सहा वर्षं गेली. मी चिमूरच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. हजेरी घेताना मी 'हजर' एवढ्यावर भागवत नाही, मान वर करून एकेकीचं तोंड बघते आणि मगच खूण करते. पोरी हसतात, मॅडमची हजेरी म्हणजे अर्धा तास गेला म्हणतात. तेच पिक्चर त्या आता मोबाईलवर बघतात आणि मधल्या सुट्टीत त्यांतल्या चुका काढत बसतात. मी तिथून उठून जाते.

या मार्चमध्ये एका सकाळी माझं डोकं दुखत होतं. मी मान खाली ठेवूनच हजेरी घेतली. एका मुलीच्या नावाला 'हजर' आलं, पण आवाज दुसरीचा होता. मी वर बघितलं. जागा रिकामी होती आणि शेजारची मुलगी ओठ दाबून हसत होती. पुढे काय झालं ते मला नीट आठवतही नाही. मी तिच्या बाकाजवळ गेले होते आणि तिच्या थोबाडीत मारली होती. तिच्या गालावर बोटं उठली होती आणि मी ओरडत होते, ती कुठे आहे, तुला माहीत आहे का ती आत्ता कुठे आहे?

"घरी हाये, मॅडम," ती रडत म्हणाली. "तिले ताप आला म्हणून म्हटलं मी."

दयेपोटीच केलं होतं तिने, माझ्यासारखं. मी वर्गासमोर तिची माफी मागितली, संध्याकाळी तिच्या घरी जाऊन तिच्या आईचीही मागितली. आणि मग लक्षात आलं की जिची मागायची ती राहिलीच आहे. शनिवारी मी गावची बस धरली.

मोठीबाई अंगणात खाटेवर कुशीवर पडली होती. वरच्या कानात तेल होतं, ते आत जावं म्हणून तशीच पडून. मला बघून तिला आनंद झाला, त्यानेच मला जास्त वाईट वाटलं. "बस बाई. हा कान होऊ दे, मंग बोलतो," ती म्हणाली. मी खाटेच्या खाली जमिनीवर बसले. थांबले असते तर पुन्हा सहा वर्षं थांबले असते. म्हणून तशीच, तेल भरल्या कानाशी, मी सांगून टाकलं. आईचा खोकला, माझे दोन दोन कुकारे, तिन्ही वेळा.

ती उठून बसली. तेल मानेवरून लुगड्यात उतरलं, तिने पुसलं नाही.

"मंग अकराच होते?"

"हो."

"तिन्ही खेपा?"

"तिन्ही खेपा."

तिने उजव्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजली, अकरापर्यंत. तो हात तिने मांडीवर ठेवला. मला वाटलं ती मला मारेल. मारायला हवं होतं.

"मायचा तरास वाचवाले केलं तू, ते समजते मले," ती म्हणाली. "पण मंग काऊन नाई सांगतलं?"

"भेव लागलं, मोठीबाई."

"अन् मले भेव नसंन लागलं? सहा वरसं मी ह्याच कानाले शिव्या देऊन राह्यली. तुही माय मीच मारली म्हणून राह्यली."

मी तिचे पाय धरायला गेले. तिने पाय वर घेतले.

"माह्या एकटीजवळ रडून काई फायदा नाई. चाल."

हापशीवर संध्याकाळच्या पाण्याला बाया जमल्या होत्या. त्या टोळीतल्याच पाच-सहा, आणि बाकी नव्या सुना. मोठीबाई माझं मनगट धरून मला ओढतच घेऊन गेली. पहाटे जंगलात द्यायची त्याच आवाजात तिने "कूऽऽ" केलं. सहा वर्षांत तिचा तो आवाज गावाने ऐकला नव्हता. दांडा थांबला, सगळ्या वळल्या.

"ही पोरगी काईतरी सांगून राह्यली. ऐका."

मी पायाशी सांडलेल्या पाण्याकडे बघत सुरुवात केली. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मोठीबाईने माझी हनुवटी धरून मान वर केली. तिच्या बोटांना लसणाचा वास होता.

"खाली पाहून नाई. एकेकीचं तोंड पाह्य, अन् सांग."

मी बघितलं. आईच्या डाव्या हाताला झाड असलेली बाई होती. मला तेव्हा घरी नेऊन भात भरवणारी बाई होती. मोठीबाईच्या जागी म्होरकी झालेली बाईही होती, कमरेवर कळशी घेऊन.

"त्या दिवशी आवाज अकराच होते, पण बाया दहाच," मी म्हटलं. "अकरावा आवाजही माहाच होता."